आदी जेवून घे रं

आई, तुझं एक वाक्य आता टेंपोच्या मागे रंगवलेलं असतं. मागच्या आठवड्यात खालापूरच्या नाक्यावर माझ्या गाडीपुढे एक टेंपो उभा होता. त्याच्या फळीवर पिवळ्या रंगात, मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'आदी जेवून घे रं, मंग बगू', आणि शेजारी पिस्तूल काढलेलं. पेंटरला पिस्तूल काही जमलं नव्हतं, नळाच्या तोटीसारखं दिसत होतं. माझी गाडी चालवणारा पोरगा मागे वळून म्हणाला, "मॅडम, तुमचा डायलॉग!" आणि मी हसले. कौतुक झाल्यावर माणूस हसतो तशी हसले. हे माझ्या आईचं आहे, ती इथेच पलीकडे खानावळ चालवायची, येणाऱ्या प्रत्येकाला हे म्हणायची, एवढं सांगायला टेंपो हलेपर्यंत भरपूर वेळ होता. सांगितलं नाही. शेजारी ते पिस्तूल नसतं तर सांगितलं असतं, अशी मी स्वतःची समजूत घालते, पण ते पिस्तूलही मीच दिलेलं आहे.

तुला यातलं काहीच ठाऊक नाही. तू गेलीस तेव्हा मी मुंबईत कुणाकुणाच्या हाताखाली राबत होते, नटांना त्यांची वाक्यं वाचून दाखवत होते, उन्हात छत्र्या धरत होते. तू मात्र सगळ्या खालापुरात सांगून ठेवलं होतंस की पोरगी पिक्चरमधे हाय, आणि तुझ्या गिऱ्हाइकांनी पडद्यावर मला इतकं शोधलं की शेवटी एकाने कुठल्यातरी नाचणाऱ्या बाईला मीच समजून तुझं अभिनंदन केलं. तू तेही घेतलंस. आता मी स्वतः सिनेमा केलाय. तुला जाऊन इतकी वर्षं झालीत की दादाचा मुलगा तुला फक्त तसबिरीतून ओळखतो, आणि या सगळ्या काळात मी जे एक मोठं काम केलं ते हेच. खुनाबिनाचा सिनेमा आहे. द्रुतगती मार्गाच्या कडेची एक जमीन, तीन भाऊ, एक जमिनीचा दलाल, एक फौजदार. दलाल एकेकाच्या सह्या घेतो आणि जो देत नाही त्याला संपवतो. भाऊ एकमेकांना विकतात, धाकट्याची बायको दोघांना विकते, फौजदार सगळ्यांना विकतो. पेपरांत छापून आलं, दिग्दर्शन अव्वल. एकही फ्रेम वाया नाही, बाईंची पकड कुठे सुटत नाही वगैरे. आणि जवळजवळ प्रत्येकाने शेवटी एक ओळ टाकलीच, की यात जीव लावावा असं एकही माणूस नाही. मी त्यावर मुलाखतींत ऐटीत सांगायचे की प्रेक्षकांना माणसं आवडावीत म्हणून मी सिनेमा करत नाही. टाळ्या पडायच्या. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी, तसं माझं झालं होतं.

तुझी खानावळ मला अजून तशीच दिसते. तहसील कचेरीच्या मागची गल्ली, पुढे पत्र्याची पडवी, आत दोन लांब बाकडी. बाबा गेल्यावर तू ती टाकलीस, आणि टाकलीस ती नेमकी अशा जागी की तुझ्याकडे सुखात असलेला माणूस कधी आलाच नाही. कोर्टाच्या तारखेला आलेले, सातबाऱ्यावरचं नाव उडालेले, मोजणी चुकली म्हणून मोजणीवाल्याला शिव्या घालत आलेले. एकाच दाव्यातले वादी-प्रतिवादी एकाच बाकड्यावर बसायचे, कारण दुसरं भरलेलं असायचं. एखाद्याचा आवाज चढला की तू चुलीपासून न उठता म्हणायचीस, "आदी जेवून घ्या रं, मंग बगू." तरुण पोरगा असला तर घे, वयाने मोठा असला तर घ्या. कुणी बाई रडत आली तर, "आदी जेवून घे गं बाय." आणि खरंच, तांदळाची भाकरी, वालाची आमटी, सुकटीची चटणी पोटात गेली की माणसं जरा खालच्या पट्टीत भांडायची. काही जण दारातून आत बघायचे, भिंतीवरची बुद्धाची तसबीर बघून ही खानावळ कोणाची ते ओळखायचे, आणि पाणीसुद्धा न पिता वळायचे. तू त्यांनाही तेच म्हणायचीस, त्यांच्या पाठीला. मला तेव्हा तुझा राग यायचा. जाणाऱ्याला काय बोलवायचं, असं वाटायचं. एकदा एक म्हातारे गृहस्थ असेच वळले आणि गल्लीच्या टोकावरून परत आले, खाली मान घालून बसले, जेवले. तू त्यांना दुसरी भाकरी वाढलीस.

आणि तो बेडीवाला. मी आठवीत वगैरे असेन. बांधाच्या भांडणात सख्ख्या भावाच्या डोक्यात फावडं घातलेला माणूस. भाऊ पनवेलला दवाखान्यात होता, जगतो की जातो ते कुणाला माहीत नव्हतं. दोन शिपाई त्याला कोर्टात आणतात, साहेबांची जेवणाची सुटी होते म्हणून तुझ्याकडे येतात, बेडीची दोरी बाकड्याच्या पायाला बांधतात आणि स्वतः जेवायला बसतात. त्याच्या गावचे दोघंजण आधीच बसलेले असतात, ते ताट अर्धं टाकून उठतात. तू तिसरं ताट घेतेस. शिपाई म्हणतो, "मावशी, त्याला नको. त्याचं काय ते आत बगतील." आणि तू ताट ठेवता ठेवता म्हणतेस, "आत बगायचं ते बगा. आदी जेवून घे रं तू, मंग बगू." त्याला एका हाताने भाकरी मोडता येईना. तू खाली बसून ती आमटीत कुस्करून दिलीस. तो जेवता जेवता रडायला लागला, आणि मी, शहाणी, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "आई, यानेच मारलं का?"

तू मला कानाला धरून मागे मोरीवर नेलंस. मारलं नाहीस, पण कान बराच वेळ सोडला नाहीस. म्हणालीस, "ताटावर बसलेल्याला इचारायचं नाय. उठला का मंग इचार. पोलीस हायत, कोरट हाय, इचारायला लय माणसं हायत. वाढायला मी एकटीच हाय." मला तेव्हा कान दुखल्याचंच जास्त वाटलं. पण बघ, मला त्या दिवसातलं सगळं आठवतं, दोरीची गाठ, कुस्करलेल्या भाकरीवर तरंगणारं तेल, पत्र्याच्या भोकातून त्याच्या मानेवर पडलेलं ऊन. दिग्दर्शक व्हायला एवढं पुरतं म्हणे. माणूस चांगला व्हायला बहुतेक पुरत नसावं.

तुला सिनेमा कळायचा नाही असं मी कॉलेजात असताना मैत्रिणींना सांगायचे. रविवारी कचेरी बंद म्हणून खानावळ बंद, मग तू मला आणि दादाला खोपोलीच्या थेटरात न्यायचीस. तीन तासांचा सिनेमा, आणि तू खलनायकाच्याच बाजूने. तो चाकू काढायचा आणि तू भरल्या थेटरात म्हणायचीस, "ह्याला घरी कोण जेवायला घालत नाय वाटतं." मागचे हसायचे. मी सीटमध्ये खाली सरकायचे. बाहेर आल्यावर तू गंभीरपणे आम्हाला विचारायचीस, असा कसा रं कोण नुसताच वाईट असंल, त्याचं काय दाखवलंच नाय. मी तुला सांगायचे की तो व्हिलन असतो, त्याचं दाखवत नसतात. तू म्हणायचीस, मंग अर्धाच पिक्चर झाला की. माझ्या सिनेमाबद्दल पेपरवाल्यांनी लांबलचक वाक्यांत जे लिहिलं ते तू या एका वाक्यात तेव्हाच सांगून ठेवलं होतंस, आणि मी तेव्हा लाजेने तुझ्यापासून दोन पावलं लांब चालत होते.

आता जे सांगायचं ते सांगते. सिनेमाच्या पहिल्या खर्ड्यात तू होतीस. कचेरीमागे खानावळ चालवणारी बाई. दलाल तिच्याकडे जेवायचा, भाऊ तिच्याकडे जेवायचे. मी ती मोठ्या प्रेमाने लिहिली आणि ती कुठेच बसेना. ती आली की प्रसंग संपायचा. दोघं एकमेकांच्या नरड्याला हात घालणार, तेवढ्यात ती म्हणायची आदी जेवून घ्या, आणि ते जेवायला बसायचे. आता माझ्या गोष्टीला भांडण लागतं आणि तू तर भांडणं मोडणारी! पुष्कळ दिवस मी तुला इकडून तिकडे हलवून पाहिलं. शेवटी काढून टाकलं. निर्मात्याने काढायला लावलं असं मी दादाला सांगितलं होतं, ते खोटं आहे. निर्मात्याला ती बाई आवडली होती. मीच म्हटलं की ती गोड आहे, सिनेमा पातळ होतोय. बाई गेली, पण तिचं वाक्य कागदावर तसंच राहिलं होतं, बोलणाऱ्याच्या नावाशिवाय. त्याच्यावर मी दलालाचं नाव लिहिलं. आणि अंगावर काटा आला माझ्या, आई, इतकं ते तिथे बसलं. त्या काट्याला मी त्या वेळी आनंद समजले.

मग बाकीचं सगळं आपोआप आलं. कळंबच्या एका बंद पडलेल्या रिसॉर्टमध्ये आम्ही खानावळ उभी केली. तसंच बाकडं, तसाच पत्रा, पत्र्याला मी स्वतः भोकं पाडून घेतली. बाकड्याच्या पायाला दोरी. थोरला भाऊ बांधलेला, आणि दलाल पिस्तूल बाकड्यावर ठेवून त्याच्यासमोर बसतो, भाकरी आमटीत कुस्करतो, ताट पुढे सरकवतो आणि म्हणतो, "आदी जेवून घे रं, मंग बगू." भाऊ जेवतो. हात धुवायला मोरीकडे जातो. आपल्याला फक्त तांब्या पडल्याचा आवाज ऐकू येतो. याच प्रसंगाचं सगळ्यांनी कौतुक केलं. खून न दाखवता दाखवला, म्हणाले. नट मोठा गुणी, पुण्यात वाढलेला. त्याचा 'आधी'तला ध काही सुटेना आणि 'रं' म्हणताना तो दम दिल्यासारखा आवाज चढवायचा. मी त्याला बाजूला घेऊन म्हणून दाखवलं. पुन्हा पुन्हा म्हणून दाखवलं. म्हटलं, 'रं'वर आवाज खाली येऊ दे, धमकी नको, माया आण. समोरचा खरंच उपाशी आहे आणि तुझा जीव तुटतोय, असं म्हण. तो फार हुशार माणूस आहे, त्याने बरोबर आणलं. मला विचारलं, "हे कुणाचं आहे?" मी म्हटलं, "आमच्याकडे म्हणतात." म्हणतात! जसं काही गावच्या गाव म्हणतं. आई म्हणायची, एवढे दोन शब्द तेव्हाही माझ्या तोंडातून निघाले नाहीत.

भाषेचंही तेच. मुंबईला कॉलेजात गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी 'नाय' म्हटलं आणि वर्ग हसला. सुटीला घरी आले ती 'नाही' म्हणत आले. तू ऐकलंस आणि दादाला म्हणालीस की पोरगी आता पुस्तकावानी बोलते, आणि त्यात तुला अभिमानच होता. जे मी माझ्या तोंडातून खरवडून काढलं, ते इतक्या वर्षांनी परत आणलं आणि कुणाच्या तोंडी घातलं? माझ्या सिनेमात जो जो माणूस 'हाय' आणि 'नाय' म्हणतो तो एकतर मारतो किंवा मरतो. पेपरांत आलं, मातीतली भाषा. मातीतलीच, खरं आहे. तिच्यात भाकरी मागणारं, पोराला हाक मारणारं असं एकही माणूस मी ठेवलं नाही.

कर्जतला सिनेमा लागला तेव्हा दादा, वहिनी, शेजारचे, सगळे आले. वाक्य आलं आणि थेटरात शिट्ट्या पडल्या. दादा माझ्या शेजारी होता. मी अंधारात त्याच्याकडे बघितलं नाही. बाहेर आल्यावर शेजारचे काका म्हणाले, "पिक्चर एक नंबर ओ. पन ताई, एक तरी मानूस चांगला दाखवायचा व्हता." मुंबईत पाठ केलेलं उत्तर जिभेवर होतं, पण कर्जतच्या थेटराबाहेर, वड्याच्या गाडीजवळ, ते काही निघेना. दादा एवढंच बोलला, "फोटो लय चांगलं आलंत." मला बरं वाटलं. तेवढ्यावर सुटले, असं वाटलं.

दादा आता खानावळ चालवतो हे मी तुला सांगितलंच नाही. कारखान्यातली नोकरी सुटल्यावर त्याने तीच जागा पुन्हा उघडली. भाकऱ्या वहिनी थापते, आमटी त्याची. आणि तुझं वाक्य तो अगदी तुझ्यासारखंच, पाठमोरा राहून म्हणायचा. मी गेल्या महिन्यात त्याच्याकडे गेले होते. कोपऱ्यात बसून जेवत होते. एक पोरगा आला, विशीतला, डोकं नुकतंच भादरलेलं. बाप गेलेला, वारसनोंदीसाठी कचेरीत आला होता, कुठलातरी कागद कमी होता म्हणून परत पाठवलेला. त्याच्याबरोबर तीन-चार मित्र. तो नुसता बसून राहिला होता. दादाने ताट ठेवलं, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सवयीने म्हणाला, "आदी जेवून घे रं, मंग बगू."

मित्रांना हसू फुटलं. एकाने बोटांचं पिस्तूल केलं, एक म्हणाला, "ए, मोरीकडं जाऊ नको!" आणि तो भादरलेल्या डोक्याचा पोरगासुद्धा हसला, आई. हसला आणि मग त्याचं तोंड असं झालं की मला बघवेना. दादाचा हात त्याच्या खांद्यावरच होता. त्याने तो हळूच काढून घेतला, जणू काही आपणच काही वंगाळ केलंय. त्या वेळी मी उठून काहीतरी बोलायला हवं होतं. झालं असं की एका पोराने मला ओळखलं. "अरे, ह्याच त्या, पिक्चरवाल्या मॅडम!" मग सेल्फी आले. मी उष्ट्या हाताने उभी राहिले आणि फोटो काढून दिले. एकाने फोन माझ्यापुढे धरला, म्हणाला, मॅडम, एकदा डायलॉग मारा ना. आणि मी मारला. तुझ्या खानावळीत, तुझ्या तसबिरीखाली, दादासमोर. आणि तुझ्यासारखा नाही मारला. त्या नटासारखा मारला, कारण पोरांना तो हवा होता. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी असं का केलं याचं कारण मी खूप शोधलं. मोठं कारण काही सापडत नाही. मला टाळ्या आवडतात, एवढंच आहे.

पोरं गेल्यावर दादा ताटं उचलत होता. मी मदतीला उठले तर म्हणाला, "ऱ्हाऊ दे." मग मोरीवर पाणी ओतत, माझ्याकडे न बघता बोलला. "खाल्ल्या घरचं वासं मोजणारी लय बगितली गं. तू तर वासं काढून इकलंस."

मी म्हटलं, "दादा, सिनेमा आहे तो."

"हाय ना. चांगला हाय. मी कवा वाईट म्हनालो? समदं तसंच दिसतं, बाकडं, दोरी, भाकर. आई तेवडी नाय." त्याने बादली खाली ठेवली. "त्यात एक पन मानूस असा नाय का मी त्याला वाढीन. आईनं वाढलं असतं, त्या दलालाला बी वाढलं असतं. म्हनून तर ते तिचं बोलनं. माज्या तोंडात व्हतं, तेबी तू बांदून टाकलंस." तेव्हापासून तो गिऱ्हाइकाला काही म्हणत नाही. बसा म्हणतो, काय देऊ विचारतो. वहिनीने फोनवर सांगितलं की परवा एक बाई रडत आली तर हा नुसता तिच्यासमोर उभा राहिला, आणि मग आत येऊन वहिनीला म्हणाला, तू बोल जा.

मी तुला ऐकायचा प्रयत्न करते. घरात कुणी नसताना डोळे मिटून ते वाक्य मनात म्हणते. तुझा आवाज येत नाही. तो नट येतो, त्याचं खाली उतरणारं 'रं' येतं, जे मीच त्याला शिकवलं. इतक्या वेळा त्याच्याकडून ते म्हणवून घेतलं, एडिटिंगच्या टेबलावर इतक्या वेळा पुढे-मागे करून ऐकलं, की तुझ्यावर त्याचा थर बसला. मला म्हणायचीस ते 'जेवून घे गं' मात्र अजून तुझंच ऐकू येतं. सिनेमात कुणावरच एखाद्या बाईला ते म्हणायची वेळ आली नाही, म्हणून ते वाचलं. माझ्या चांगुलपणाने नाही वाचलं.

आता पुढचा सिनेमा आहे. निर्मात्याचा रोज फोन येतो. म्हणतो, गोष्ट झकास आहे, फक्त पहिल्या पिक्चरसारखं एखादं वाक्य पाहिजे, पब्लिक वाट बघतंय. हे मी दादाच्या कानावर घातलं, का घातलं कोण जाणे, बहुतेक त्याने चिडावं म्हणून. तो चिडला नाही. म्हणाला, "तुला करायचा तो पिक्चर कर. पन आता आईचं काय काडू नको. ऱ्हायलंय ते ऱ्हाऊ दे." मी म्हटलं, नाही काढणार. त्याने लगेच विश्वास ठेवला. पुन्हा विचारलंसुद्धा नाही, आणि माझ्यापुढे ताट ठेवून वहिनीला भाकरी आण म्हणाला.

हे पत्र कुठे जाणार नाही. दादाला वाचून दाखवण्याची माझी छाती नाही, आणि तुझा पत्ता काय लिहायचा! माफी मागायला बसले होते, आणि वर वाचून पाहते तर त्यात माफी कमी आणि प्रसंग जास्त रंगवलेत, ऊन कुठून पडलं आणि हात कसा काढून घेतला. ती खोड जात नाही. आणखी एक आहे. तुझ्या शेवटच्या आठवड्यात, पनवेलच्या दवाखान्यात, दादा औषध आणायला खाली गेला होता, तेव्हा तू मला जवळ बोलावून एक बोलली होतीस. ते कुणीच ऐकलेलं नाही. इतकी वर्षं मला ते आठवतही नव्हतं, आज लिहिता लिहिता आठवलं, तुझ्याच आवाजात. ते मी या पत्रात लिहिलेलं नाही. मध्येच उठले आणि फोनमध्ये, नव्या सिनेमाच्या फाईलमध्ये टिपून ठेवलं. अजून कुणाच्या तोंडी घातलेलं नाही. पण वाचून पाहिलं, आणि वाक्य फार चांगलं आहे, आई.